कार्यक्रम थाटात पार पडला

सत्तरच्या दशकात मी माझ्याच गावात शाळेवर मास्तर होतो आणि जालन्याच्या एका साप्ताहिकाचा वार्ताहर. आमचं गाव राजूर आणि हसनाबादच्या मधलं. मास्तरकीचा पगार मिळायचा आणि वार्ताहरकीचा मान, आणि खरं सांगतो, मला मानच जास्त गोड लागायचा. बातमीच्या खाली कधी नाव येत नसे. वर फक्त 'आमच्या वार्ताहराकडून' एवढंच छापलेलं असायचं. पण तो वार्ताहर कोण, हे ठाऊक नसलेला एकही माणूस मी पंचक्रोशीत शिल्लक ठेवला नव्हता.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. साप्ताहिकाचं पान बुधवारी दुपारी मशीनवर चढायचं. आमच्याकडून जालन्याला जाणारी सोयीची बस एकच, ती सकाळी राजूरच्या स्टँडवर यायची. सायकल हाणत जायचं, कंडक्टरच्या हातात पाकीट द्यायचं, त्याला एक चहा पाजायचा. ती बस चुकली की बातमी पुढच्या आठवड्यावर गेली. आणि गावोगावचे लोक कार्यक्रम ठेवायचे नेमके बुधवारी, दहा-अकराला. मग वार्ताहरानं करायचं काय? तो आदल्या दिवशीच लिहायचा, आणि तेही भूतकाळात. 'कार्यक्रम थाटात पार पडला. पाहुण्यांचे यथोचित स्वागत झाले. आभारप्रदर्शनाने सांगता झाली.' बाजारात तुरी म्हणतात, तसला प्रकार. लग्नपत्रिका हातात असल्यावर लग्नाला जायची गरजच काय, असं आमचं शास्त्र होतं. गंमत म्हणजे ते सहसा खरं ठरायचं. आमच्याकडचे सगळे कार्यक्रम सारखेच असायचे आणि सगळे थाटातच पार पडायचे.

हे मी एकटाच करत नव्हतो. सगळे वार्ताहर करायचे. संपादकांना ते ठाऊक नाही, अशी आमची समजूत होती.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. सरकारी योजनेतून आमच्या गावाला हापसा, म्हणजे हातपंप, मंजूर झाला. तोवर गावाची विहीर वेगळी आणि बौद्ध वस्तीची वेगळी. वस्तीची विहीर होळीलाच तळ दाखवायची, आणि मग त्या बायका दोन कोस लांब ओढ्यात झिरे उकरायच्या. बोअर घेणाऱ्या गाडीला पाणी लागलं ते गाव आणि वस्ती यांच्या अगदी मधोमध. गावातल्या काही जाणत्यांना ती जागा फारशी पटली नव्हती, पण पाण्यानं कुणाला विचारलं नाही.

उद्घाटनाला एक मोठे पुढारी येणार होते. त्यांचं नाव सांगत नाही. या लेखात मी कुणाचंच नाव सांगणार नाही, कारण ज्यांना विचारून लिहायचं ती माणसं आता राहिली नाहीत. उद्घाटन बुधवारी, सकाळी अकराला. मंगळवारीच मी बातमी लिहिली आणि त्यात पुढाऱ्यांच्या तोंडी एक भाषण घातलं. भाषण झकास उतरलं होतं. 'तहानलेल्याला पाणी देणे यासारखा दुसरा धर्म नाही' असं त्यात वाक्य होतं आणि ते लिहून झाल्यावर मी स्वतःच दोनदा मोठ्यानं वाचलं. 'त्यांनी स्वहस्ते हापशाचे पहिले पाणी काढले' हेही लिहिलं. आणि मग जे करायला नको होतं ते केलं. आमची तिसरी-चौथी लिंबाखाली भरायची. म्हणून मी पुढाऱ्यांकडून शाळेला दोन खोल्याही जाहीर करून टाकल्या. कुठला पुढारी छापून आलेलं दान नाकारतो, असा माझा हिशोब. बुधवारी सकाळी पाकीट बसनं गेलं.

अकरा वाजले, पुढारी आले नाहीत. बारा वाजले. हापशाच्या दांड्याला सुतळी बांधलेली, त्यावर झेंडूचा हार. कुणी हात लावू नये म्हणून सरपंचांनी शेजारी कोतवाल उभा केला होता. चैत्रातलं ऊन. अख्खं गाव एका बाजूला, वस्ती दुसऱ्या बाजूला, आणि मधे पाणी. पण ते पाहुण्यांसाठी राखलेलं. एक वाजता कोतवालच सावलीला जाऊन बसला. दोन वाजता सरपंचांनी जाहीर केलं, "आता काय खरं न्हाई. उद्घाटन उद्या करू."

तेव्हा वस्तीतली एक बाई हसली. चाळिशीची, सडकेच्या कामावर गिट्टी फोडायला जाणारी. त्या दिवशीचा रोज बुडवून पाण्यासाठी थांबली होती. ती एवढ्या मोकळ्या गळ्यानं हसली की सगळे वळून बघायला लागले.

"उद्या?" ती म्हणाली. "आनं पानी काय उद्यापत्तर दम काढून राह्यलंय का खाली?"

ती पुढं आली. हार काढून तिनं बाजूच्या बोरीच्या फांदीला अडकवला. सुतळीची गाठ सुटेना, तेव्हा दातानं तोडली. आणि हापसायला लागली. आधी नुसता घर्र घर्र आवाज, मग लाल गढूळ चूळ, मग आणखी गढूळ, आणि मग एकदम स्वच्छ, गार, मनगटाएवढी धार. काय आरोळी उठली! मी आजवर इतक्या सभा पाहिल्या, मंत्री पाहिले, पण तसा आनंद कुठल्या मांडवात पाहिला नाही. पोरं धारेखाली घुसली, बायका एकमेकींच्या अंगावर पाणी उडवायला लागल्या. तिनं आपली घागर भरून घेतली आणि समोर जो येईल त्याच्या ओंजळीत ती पाणी ओतत गेली.

सर्वांत आधी समोर आलो तो मी. यात शौर्य नव्हतं, मी जवळ उभा होतो आणि घशाला कोरड पडली होती, एवढंच. मी वाकलो, ओंजळ धरली, ती ओतत राहिली आणि मी पीत राहिलो. माझ्या मागून गावातले पाच-पंचवीस जण प्यायले. तीन तास उन्हात उभं राहिल्यावर घागर कुणाची आहे हे कुणी विचारलं नाही. आमचे वडीलही प्यायले. चांगल्या वीस एकरांचे धनी, गावात शब्दाला वजन, आणि मिशांवरून पाणी निथळत होतं. त्या दिवशी घरी जाताना मी गाणं गुणगुणत होतो. जालन्याला गेलेलं पाकीट माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं.

शनिवारी अंक आला. पहिल्या पानावर, डाव्या हाताला, ठळक मथळा. पुढारी आले होते, त्यांनी स्वहस्ते पाणी काढलं होतं, त्यांचं भाषण झालं होतं आणि कार्यक्रम थाटात पार पडला होता.

मला आधी हसूच आलं. गावही हसलं. पारावर दोन दिवस करमणूक झाली, "गुर्जी, सायेबांना जेवायला काय केल्तं?" असं जो तो विचारायचा. पुढाऱ्यांच्या माणसाची चिठ्ठी आली, ती तर कहरच होती. साहेबांना भाषण फार आवडलं, दहा अंक पाठवा. आपण न केलेलं भाषण त्यांनी पुढं दोन गावांत करूनही दाखवलं, असं मागाहून कळलं. खोल्यांचं मात्र चिठ्ठीत लिहिलं होतं, 'विचार चालू आहे.' सरपंच हरखले. "मास्तर, तुमच्या पेनात जादू आहे बघा."

मग सोमवार उजाडला. शाळा सुटल्यावर मी हापशाकडून निघालो होतो, तर तिथं गलका. वस्तीतल्या बायकांच्या घागरी बाजूला सारल्या होत्या. गावातले एक जाणते हातात माझाच अंक घेऊन उभे होते आणि ती गिट्टी फोडणारी बाई त्यांच्यासमोर.

"पयलं पानी म्या काढलं," ती म्हणत होती. "समद्यांनी पेलं. आता नंबर लागंल तसं भरायचं."

"कोण म्हणतं तू काढलं? हे वाच. सायेबांनी काढलं. पेपरात हाय. आनं तुझ्या हातचं कोन पेलं? कुणीबी न्हाई. आधी आमच्या बाया भरतील, राह्यलं तर तुमच्या."

आजूबाजूला उभे असलेले सगळे त्या दिवशी प्यायलेले. कुणी बोललं नाही. कारण छापलेलं खोटं त्यांच्या फार सोयीचं होतं. हौसेच्या भरात एक गोष्ट होऊन गेली होती, आणि ती झालीच नाही असं सांगणारा कागद मी त्यांच्या हातात दिला होता.

ती माझ्याकडं वळली. ओरडली नाही. "गुर्जी, तुम्ही तर सगळ्यांच्या आधी माझ्या हातचं पानी पेले. मंग असं कामून लिव्हलं?"

मला एकदम राग आला. मी मूळचाच तापट. जाणत्यांचा राग आला, पुढाऱ्याचा आला, बसचा आला. आणि पाच पावलं चालल्यावर कळलं की राग येण्यासारखा माणूस तिथं एकच होता. लाज म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी कळलं.

घरी मी म्हणालो, "जालन्याला जातो, दुरुस्ती छापायला सांगतो." वडील ताटावरून उठले नाहीत, पण घास हातातच राहिला. "दुरुस्ती? आरं, झालं गेलं. दोन खोल्या मिळून राह्यल्यात शाळेला. कशाला उगं?" सरपंच तर दारातच येऊन बसले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पोरं लिंबाखाली बसतात, एका बाईच्या नंबरासाठी पोरांचं छप्पर घालवणार का? आणि हे बोलणं खोटं नव्हतं, हेच वाईट होतं. रात्रभर मी कूस बदलत राहिलो. एकीकडं माझेच विद्यार्थी, दुसरीकडं ती घागर. शेवटी एवढंच पटलं की खोल्या मी मागितल्या नव्हत्या, चोरल्या होत्या, आणि चोरीच्या मालाची किंमत तिला भरायला लावायचा मला अधिकार नव्हता.

मंगळवारी रजा टाकून मी जालना गाठलं. संपादक निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, पांढरा पायजमा, तोंडात पान, हाताला कायम शाई. मी सगळं सांगितलं. मग त्यांनी तोच अंक उचलला, मागलं पान उघडलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"हे वाचा."

शहागडच्या वार्ताहराची बातमी होती. त्याच बुधवारी, सकाळी अकरा वाजता, तेच पुढारी शहागडला एका गोदामाचं उद्घाटन करत होते. तिथंही कार्यक्रम थाटात पार पडला होता.

"म्हणजे ते शहागडला होते तर!" मी म्हणालो.

"शहागडच्या वार्ताहराला काल बोलावलं होतं. तो म्हणतो, आमच्याकडं आलेच नाहीत, तुमच्याकडं असतील." संपादकांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. "साहेब दिवसभर घरी होते, मास्तर. पोट बिघडलं होतं. एका सकाळी दोन उद्घाटनं, दोन भाषणं, आणि माणूस तांब्या घेऊन परसात!"

छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा कंपोझिटर तिकडं पोट धरून हसत होता. मग संपादकही हसले, मीही हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. आणि हसणं थांबल्यावर त्यांनी आवाज अजिबात न चढवता विचारलं, "मास्तर, बातमी म्हणजे काय?"

मी काहीतरी पुस्तकी बोललो.

"बिलकुल नाही. पाहिलं ते लिहिणं, एवढंच. नाही पाहिलं तर ज्यानं पाहिलं त्याला विचारून लिहिणं. आणि दोन्ही नसेल तर जागा कोरी सोडा, मी तिथं साबणाची जाहिरात टाकतो. साबण तरी खरा असतो."

दुरुस्ती छापायचं त्यांनी लगेच कबूल केलं. मला वाटलं होतं आतल्या पानावर दोन ओळी येतील. पण त्यांचा नियम असा की चूक जिथं, दुरुस्ती तिथंच. तेच पान, तीच जागा, तेवढाच मोठा मथळा. कंपोझिटर कुरकुरला, मोठे खिळे आधीच लग्नाच्या जाहिरातीत अडकले होते. "लग्नाला लहान अक्षर चालेल," संपादक म्हणाले, "कबुलीला नाही."

मी मजकूर लिहायला बसलो. त्या बाईचं नाव लिहिलं, तर त्यांनी माझा हात धरला. "तिला विचारलं?"

"तिच्या बाजूचंच तर लिहून राह्यलोय, साहेब."

"राहायचं तिला आहे त्या गावात, मला नाही. अंक वाचून कुणी तिच्या दारात गेलं तर तुम्ही जाणार का उभं राहायला? आधी विचारा. उद्याच्या बसनं कळवा. तोवर जागा सोडतो."

म्हणून मी परत आलो आणि दिवस मावळायच्या आत वस्तीत गेलो. इतकी वर्षं त्या गावात राहून तिच्या अंगणात मी पहिल्यांदाच उभा होतो, हेही तेव्हाच लक्षात आलं. ती भाकरी थापत होती. मी मजकूर वाचून दाखवला. तिनं पीठ लागलेले हात गुडघ्यावर ठेवून ऐकून घेतला.

"अक्का, तुमचं नाव छापलं तर चालंल का? लोकं बोलतील."

"आनं तुमचं?"

"माझं काय?"

"त्यात 'वार्ताहर' म्हणून राह्यले तुम्ही. हा वार्ताहर म्हंजी कोन? पेला कोन?" ती माझ्याकडं रोखून बघत होती. "तुमचं नाव छापनार असाल तर माझंबी छापा. माझं छापायचं आनं तुम्ही आडून बसायचं, असं नको."

मी तिथंच कागदावर माझं नाव घातलं. नाव छापून यावं म्हणून इतकी वर्षं मी तडफडत होतो आणि आता आलं ते असं. बुधवारी सकाळी पाकीट बसनं गेलं.

शनिवारी अंकांचा गठ्ठा आला तेव्हा मी तो घेऊन सरळ हापशावर गेलो आणि मोठ्यानं वाचलं. 'गेल्या अंकात याच जागी छापलेली बातमी खोटी होती. ती आमच्या वार्ताहराने कार्यक्रमाआधीच लिहून पाठवली होती. पाहुणे आले नाहीत. भाषण झाले नाही. शाळेला खोल्या कोणीही जाहीर केलेल्या नाहीत.' पुढं तिचं नाव होतं, पूर्ण नाव. 'हापशाचे पहिले पाणी यांनी काढले आणि आपल्या घागरीतून जमलेल्या सर्वांना पाजले.' आणि शेवटी, 'ते पाणी सर्वांत आधी प्यायले ते आमचे वार्ताहर', आणि माझं नाव.

सरपंच मान हलवत निघून गेले. खोल्या गेल्या, आणि त्या पुढं कित्येक वर्षं आल्या नाहीत. लिंबाखाली पोरांना शिकवताना मला त्याचं वाईट वाटायचं. पण ते जाणते त्या दिवशी अंक हातात घेऊन काही बोलले नाहीत. आमच्या वाड्यांमधल्या दोन बायका रांगेत पुढं होत्या, तिसरा नंबर तिचा होता. तिनं तिसऱ्या नंबरानं घागर भरली, डोक्यावर घेतली आणि जाताना मला म्हणाली, "आता बराबर लिव्हलं." मला मिळालेली ती एकच शाबासकी मी आजही सांगत फिरतो.

खरी धास्ती घरची होती. मी दिवेलागणीला पोचलो तर वडील ओसरीवर अंक मांडीवर घेऊन बसले होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोट त्या मजकुरावर. आई आतून दाराआड उभी. मी चपला काढल्या आणि बोलणी खायची तयारी करून समोर उभा राहिलो.

"हे तू लिव्हलं?"

"हो."

"सगळ्यात आधी तू पेला?"

"हो."

"आनं तुझ्या मागं कोन उभं व्हतं?"

त्या आठवड्यात ते स्वतः पारावर बसून 'आपण न्हाई पेलो' म्हणाले होते, ते माझ्या कानावर आलं होतं.

"तुझ्या मागं मी व्हतो," वडील म्हणाले. "लेकानं पेलं ते पेपरात येतं आनं बापानं पेलं ते न्हाई? हीबी चूकच हाय की. मंग तिचीबी दुरुस्ती झाली पाह्यजे."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांनी अंकाची घडी घातली, चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले.

"बापू, नाव छापलं तर भावकीत बोलतील."

"बोलू दे. कागद घे, लिव्ह. पूर्ण नाव लिव्ह, माझ्या बापाच्या नावासकट. तो असता तर पेला असता का न्हाई, ते मला ठाव न्हाई. पर मी पेलो."